एलिनॉरचा मामा

माझा मोठा भाऊ तुळशीदास याला युरोपातल्या जुन्या राजांच्या वंशावळींचं वेड आहे. लढाया, किल्ले, मुकुट यांच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. कोण कुणाचा मुलगा, कुणाची लेक कुठे दिली, ती गेल्यावर नवऱ्याने दुसरी कुठून आणली, एवढंच त्याला हवं असतं. लग्नघरात कोपऱ्यात बसून बायका जे करतात तेच तो करतो, फक्त आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांचं.

हे सुरू झालं ते इथे कुवेतमध्ये, जाब्रिया भागातल्या एका क्लिनिकमध्ये. दादा तिथे एक्स-रे टेक्निशियन आहे. एका इंग्रज डॉक्टरने बोलता बोलता सांगितलं की आपण तिसऱ्या एडवर्ड राजाचे वंशज आहोत. दादाने विचारलं, कसे? डॉक्टरला सांगता येईना. दादाने हट्टाने शोधून काढलं, आणि मग तो थांबलाच नाही. डॉक्टर केव्हाच मायदेशी गेला, राजे मात्र आमच्याकडे मुक्कामाला राहिले.

फिंतासच्या त्याच्या फ्लॅटमध्ये भिंतभर तक्ते आहेत. त्याचे नियम आम्हाला पाठ आहेत. पोटच्या मुलाला सरळ रेघ, दत्तक किंवा लग्नाबाहेरच्या मुलाला तुटक रेघ, आणि जो मूलबाळ न होता गेला त्याच्या नावाखाली रिकामा गोल. स्वयंपाकघराच्या दाराशी, जागा उरली म्हणून, थेट भिंतीवरच काढलेलं आमचं घराणं आहे. आजोबा, बाबा, मग दादा आणि मी. माझ्या शेजारी माझे यजमान रामभाऊ, आणि खाली आमची एकुलती एक दर्शना. दादाने लग्न केलं नाही. त्याच्या नावाखाली त्याने स्वतःच पेन्सिलने गोल काढून ठेवला आहे. जिवंतपणी असलं अभद्र काय काढतोस म्हणून मी एकदा भांडले होते. तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

तर दर्शनाने लग्न ठरवलं. मुलगा संग्राम, तिच्याच हॉस्पिटलातला फिजिओथेरपिस्ट, मूळचा नांदेडचा. आम्ही कोकणातले, ते मराठवाड्यातले, तेव्हा नात्यागोत्याचा प्रश्नच येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. पत्रिका बघायची नाही असं मुलांनी आधीच बजावलं होतं. त्यांचं गोत्र कोणतं हे मी मुद्दाम विचारलं नव्हतं. काही गोष्टी विचारल्या की उत्तर मिळतं, आणि मग ते घेऊन बसावं लागतं.

शुक्रवारी दुपारी ते आमच्या घरी येणार होते. मी दादाला सकाळीच दम भरला.

"दादा, एकही राजा काढायचा नाही."

"नाय काढूचंय," तो म्हणाला. "राणीसुद्धा नाय."

शब्दाला तो जागला, हे मी कबूल केलं पाहिजे. संग्रामचे वडील बाळासाहेब, अम्गऱ्याला बांधकामाच्या सामानाचं यार्ड सांभाळणारे, आवाज मोठा आणि मन साधं असा माणूस. त्यांची बायको स्वप्नाताई हसरी, पण डोळे सगळीकडे. साटोरी झाली, सोलकढी झाली, बोलणी रंगली. आणि तेवढ्यात दादाने खुर्ची पुढे ओढली.

"बाळासाहेब, तुमचं मूळ गाव? कुलदैवत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"आणि गोत्र?"

"वत्स," बाळासाहेब म्हणाले.

दादाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "दर्शनाचंही वत्सच की. म्हणजे तुमचं आणि रामभाऊंचं मूळ एकच निघालं." एवढ्या लांबचं नातं लावून दाखवल्याच्या आनंदात त्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्याही लक्षात आलं की हसणारा तो एकटाच आहे.

"मामा, सिरियसली?" दर्शना म्हणाली.

बाळासाहेबांनी वाटी खाली ठेवली. ते चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. "सगोत्र म्हणजे भाऊबहीण झाले की हो," ते म्हणाले. "मला तुमची लेक लई आवडली. पण गावाकडं आई आहे माझी. तिच्या मनाविरुद्ध मी कसं करू?" दर्शना इंग्रजीत जनुकांबद्दल बोलू लागली, संग्राम तिच्या बाजूने बोलू लागला, रामभाऊ पंख्याकडे बघत बसले. "कळवतो," असं म्हणून पाहुणे निघाले. जिन्यात स्वप्नाताईंनी माझा हात दाबला. "मला माहीत होतं वहिनी," त्या हळूच म्हणाल्या. "मी बी मुद्दाम बोलले नव्हते." मला त्या क्षणी ही बाई विहीण म्हणून हवीच हवी असं वाटलं.

दादावर मी इतकी संतापले होते की त्याचा फोनसुद्धा उचलत नव्हते. दर्शना ड्युटीवरून आली की सरळ खोलीत जायची. ही दोघं कोर्टात जाऊन लग्न करू शकली असती, पण संग्राम आजीचा लाडका आणि दर्शनाला कुणाचा शाप घेऊन संसार मांडायचा नव्हता. थोडक्यात, नुसत्या एका शब्दावर सगळं अडलं होतं, आणि तो शब्द माझ्या भावाने खोदून काढला होता.

पुढच्या आठवड्यात दादा दारात उभा. काखेत तक्त्याची गुंडाळी.

"मी बाळासाहेबांकडे जातंय," तो म्हणाला. "मी बिघडवलंय, मीच निस्तरतंय."

त्याला एकट्याला पाठवणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. मी सोबत गेले.

अम्गऱ्यात बाळासाहेबांच्या यार्डात प्लायवूडच्या थप्प्या लावलेल्या होत्या. दादाने त्यातल्याच एका थप्पीवर तक्ता पसरला आणि कोपऱ्यांवर टाइल्सचे नमुने ठेवले. बाळासाहेबांनी चहा मागवला. मी मनात गणपती आठवला.

"ही एलिनॉर," दादा म्हणाला. "फ्रान्सच्या राजाला दिलेली, सातव्या लुईला. पंधरा वर्षं संसार केला. दोन मुली झाल्या, मुलगा नाही. मग राजाला एकाएकी आठवलं की बायको आपल्या नात्यातली आहे. बिशप जमले, वंशावळ काढली, लग्न रद्द."

"अरेरे," बाळासाहेब म्हणाले.

"पुढे ऐका. दोन महिने होतात न होतात, तोच तिने इंग्लंडच्या गादीवर येणाऱ्या हेन्रीशी लग्न लावलं. हा हेन्री तिचा पहिल्यापेक्षाही जवळचा नातेवाईक." दादाचं बोट रेघांवरून वर गेलं आणि दुसऱ्या बाजूने खाली आलं. "त्या लग्नाला नातं आड आलं नाही. त्यांना आठ मुलं झाली. म्हणजे काय, बाळासाहेब, मोडायचं असलं की नातं सापडतं. मी ते मोडायचं नसताना शोधून काढलं. असला गाढवपणा त्या बिशपांनीही केला नसता."

बाळासाहेब तक्त्यावर वाकून किती तरी वेळ बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवणार.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "ह्या बाईला मामा नव्हता का?"

दादा क्षणभर गोंधळला. पण प्रश्न वंशावळीचा होता, त्यामुळे उत्तर आपोआप आलं. "होता की. राउल. आईचा सख्खा भाऊ."

"मग त्याच्या मांडीवर का नाही दिली तिला? पोरगी मामाला दत्तक दिली की मामाचं गोत्र लागतं. कन्यादान मामा करतो. मिटलं की. माझ्या आत्याचं लग्न असंच लागलं, आईनं स्वतः तिला हळद लावली होती. एवढे मोठाले राजे, बिशप गोळा करीत बसले आणि घरातल्या मामाला कुणी विचारलं नाही?"

"पण मग तुम्ही त्या दिवशीच का नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच.

"आता बघा वहिनी, मी कसं बोलणार?" ते ओशाळून म्हणाले. "लेक तुमची. द्या म्हणून मागायचं कसं? मुलीकडच्यांनी सुचवावं लागतं ते. मी रोज फोनची वाट बघायलो होतो."

आमच्याकडेही असं करतात, हे मी लहानपणी ऐकलं होतं. रागात असलं की माणसाला नेमकं उपयोगाचं तेवढं आठवत नाही.

"तुमचं गोत्र काय, मामा?" बाळासाहेबांनी विचारलं.

"कौशिक," दादा म्हणाला. मग त्याने तक्ता गुंडाळायला घेतला आणि तो त्याला गुंडाळता येईना. "पण मी एकटा माणूस. माझ्या मांडीवर कोण देणार?"

गावच्या गुरुजींना आम्ही तिथूनच फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, लग्न न झालेल्या मामाचीही सोय करता येते म्हणाले, आणि कुवेतमध्ये नारळ काय भाव मिळतो याची चौकशी केली.

आता राहिले रामभाऊ. बाप जिवंत असताना त्याच्याकडून कन्यादान काढून घ्यायचं, हे मला जड जात होतं. संध्याकाळी जेवताना मी एकदाचं सांगून टाकलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"लहानपणी ताप इलो काय ती कोणाक हाक मारी?" ते म्हणाले.

ती मामालाच हाक मारायची, आणि दादा फिंतासहून टॅक्सी करून यायचा.

"अर्धी आधीच दिलेली आसा," रामभाऊ म्हणाले. "ऱ्हवलेली देऊक कितीसा लागता?" आणि त्यांनी आमटी मागून घेतली. डोळे मात्र त्यांनी बाहीने पुसले, ते मी पाहिलं.

नांदेडच्या आजींचा होकार व्हिडिओ कॉलवर आला. मामा कसा आहे बघू द्या, असं त्या म्हणाल्या. दादाने त्यांना नवा शर्ट घालून नमस्कार केला आणि एकही राजा काढला नाही.

त्या शुक्रवारी आम्ही सगळे फिंतासला जमलो. बाळासाहेब भिंतीवरच्या तक्त्यांपुढे हात मागे बांधून फिरत होते आणि प्रत्येक राणीच्या मामाची चौकशी करत होते. स्वप्नाताई आणि मी खिडकीशी समुद्राच्या वाऱ्यात बसून साड्यांचं ठरवत होतो. तेवढ्यात दर्शनाने मला खुणेने बोलावलं.

दादा स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघ्यांवर बसला होता. खोडरबरने तो स्वतःच्या नावाखालचा गोल पुसत होता. भिंतीचा रंगही थोडा निघाला, पण त्याने गोलाची खूण राहू दिली नाही. मग पट्टी लावून त्याने आपल्या नावापासून दर्शनाच्या नावापर्यंत पेन्सिलने सरळ रेघ ओढली.

दर्शना त्याच्या शेजारी बसली. लहानपणापासून तिला त्याचे सगळे नियम ठाऊक होते. "मामा, दत्तकाला तुटक रेघ असते ना?" ती म्हणाली. "रूल इज रूल, तूच म्हणतोस."

दादाने वर पाहिलं नाही.

"ता राजांकडचा," तो म्हणाला. "ह्या आमच्या घरचा."

आणि खिशातलं पेन काढून त्याने ती रेघ शाईने गिरवली.