पाण्यात गेलेला कठडा

बिल्ल्यावरचा निळा रंग कडेने उडाला होता आणि मधली पोहणारी बाई – बाई कसली, एक हात वर केलेली वाकडी रेघ – तेवढी शाबूत होती. इर्मेलीने तो बटणांच्या डब्यातून चिमटीत उचलून खिडकीच्या उजेडात धरला, आणि आपण खरं तर नवऱ्याच्या, ताइस्तोच्या सदऱ्यासाठी बटण शोधायला बसलो आहोत, हे साफ विसरून गेली. एवढासा पत्र्याचा तुकडा... जवळजवळ साठ वर्षं बटणांच्या तळाशी निमूट पडून आहे. फेकवला नाही, लावलाही नाही. म्हणजे लावला होता, काही दिवस. पण ते वेगळं.

टेबलावर नगरपालिकेचा कागद होता. आज गुरुवार, दुपारी तीनपर्यंत कचेरीत नेऊन द्यायचा. घरासमोरच्या तळ्यावर, त्यांच्या धक्क्यापासून साठ पावलांवर, सगळ्या गावासाठी पोहण्याची जागा होणार होती – वाळू, उड्या मारायला मनोरा, कपडे बदलायच्या खोल्या, तीस गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा, आणि वर एक सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली. आराखडा महिनाभर वाचनालयात टांगलेला. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने लेखी म्हणावं. या लेखी म्हणण्याला इथला शब्द आहे ‘मुइस्तुतुस’. कचेरीत त्याचा अर्थ हरकत. घरात त्याचा अर्थ आठवण करून देणं – दाताच्या डॉक्टरची तारीख विसरू नये म्हणून दारावर चिठ्ठी लावतात, तीही मुइस्तुतुसच. शब्द एकच असल्यामुळे असेल, पण सकाळपासून इर्मेली हरकत लिहायला बसत होती आणि तिला भलतंच काहीबाही आठवत होतं.

कागदावर आतापर्यंत एकच ओळ उतरली होती, तीही अर्धी. ‘मी गेली चव्वेचाळीस वर्षं इथे रोज –’

ही ओळ तिची नव्हतीच. ती ओर्वोक्कीची. ओर्वोक्की तिसऱ्या घरात राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मुख्य होती, त्यामुळे सगळ्यांना एका डावाने वाढायची सवय तिला अजून आहे. हरकतींची मोहीम तिनेच उभी केली. सकाळी दहाला आली, ती दारातूनच –

“झालं लिहून?”

“लिहितेय.”

“लिहितेय काय, बाई! पाच तास राहिलेत. आमचं सगळ्यांचं केव्हाच देऊन झालं. आवाज, गाड्या, बाटल्या, पाणपक्ष्यांची घरटी... पण खरं सांगू का, असल्या गोष्टी कोणी मनावर घेत नाही. गाड्या काय, सगळीकडेच असतात. तुझी गोष्ट निराळी. तू रोज पोहतेस.”

इर्मेलीने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे सरकवला.

“किती वर्षं झाली?”

“चव्वेचाळीस.”

“बघ! बर्फ वितळल्यापासून पुन्हा धरेपर्यंत एक दिवस खाडा नाही. मी माझ्या खिडकीतून बघते ना – मान तेवढी वर, शांत, बदकासारखी. तेवढंच लिही. मी गेली चव्वेचाळीस वर्षं इथे रोज पोहते. संपलं. त्या इंजिनिअरचं तोंडच बंद होईल.” पावाचा तुकडा कॉफीत बुडवून ती जराशी थांबली. “आणि खोटं थोडंच आहे?”

“हं,” इर्मेली म्हणाली, श्वास आत ओढत.

इथे ‘हो’ असंच म्हणतात, श्वास आत घेऊन. त्यात सोय अशी, की ते हो होतं की नुसताच श्वास होता, यावर पुढे कोणी हुज्जत घालत नाही. ताइस्तोलाही ती असंच म्हणाली होती – लग्नाआधी, डब्यात बटण शोधताना त्याला हा बिल्ला दिसला होता, आणि त्याने खूश होऊन विचारलं होतं, “अरे वा, पोहतेस?” आणि तिने एक श्वास आत घेतला होता. त्या एका श्वासावर संसार उभा राहिला असं नाही, पण त्यातली एक खोली नक्कीच उभी राहिली, आणि तिच्यात ती आजवर एकटीच राहत आली होती.

मला पोहता येत नाही. हे वाक्य मनातल्या मनातसुद्धा मी आज पहिल्यांदाच पूर्ण म्हणते आहे बहुतेक. ज्या देशात घराच्या मागे नाहीतर पुढे तळं असतंच, तिथे हे म्हणजे मला माझं नाव लिहिता येत नाही असं सांगण्यासारखं. आणि यात माझी चूक... नऊ वर्षांच्या मुलीची असेल तेवढीच. गावच्या तळ्यावर उन्हाळ्यात पोहण्याची शाळा भरायची. शेवटच्या दिवशी परीक्षा. मी कमरेएवढ्या पाण्यात गेले, तळाचा चिखल बोटांत आला, आणि परत फिरले. मास्तरांनी शिट्टी वाजवली, यादीवर खूण केली. वर्गात इर्मेली दोन, मी कोर्पेला, दुसरी कोर्पिनेन. ती खरोखरच पाण्यातल्या मनोऱ्यापर्यंत पोहत जाऊन आली, आणि गवत वाळवायचं होतं म्हणून लगेच आईबरोबर घरी गेली. संध्याकाळी बिल्ले वाटताना मास्तरांनी यादीत गल्लत करून नाव पुकारलं, माझं. चाळीस माणसं, आयाबाया, कॉफीचे थर्मास. ‘मी नाही’ एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. पण भर लोकांत आवाज काढून मास्तरांची चूक दाखवायची, सगळ्यांनी आपल्याकडे वळून बघायचं – आमच्याकडे त्यापेक्षा चोरी बरी. मी पुढे गेले. टाळ्या वाजल्या. दुसरीला तिचा बिल्ला पुढल्या वर्षी मिळाला आणि तिनेही तोंडातून चकार शब्द काढला नाही. ती कधीतरी भेटली असती तर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो.

इर्मेलीला आताही हसू आलं. बिल्ला तिने टेबलावर कागदाशेजारी ठेवला.

रोज सकाळी सहाला ती पाण्यात उतरते हे मात्र खोटं नाही. तिथे कोणी नसतं. ती धक्क्याच्या पायऱ्या उतरते, ताइस्तोने बसवलेला लोखंडी नळ्यांचा कठडा धरून एक एक पाऊल आत जाते, पाणी गुडघे, कमर, छाती करत वर येतं, आणि कठडा संपतो तिथे ती उभी राहते, हनुवटीपर्यंत. बस्स, एवढंच. वीसेक मिनिटं. हात पाण्यात हलके होतात, पलीकडच्या झाडांवर ऊन येतं, आणि आपल्याला काहीही नको आहे अशी एक भरलेली भावना... ती तिला दुसरीकडे कुठे कधी मिळालेली नाही. शेवटी वाकून ती केस भिजवते. पोहून आलेल्या बाईचे केस ओले हवेत.

आणि आता साठ पावलांवर सगळं गाव येणार. तेही चाललं असतं. पण मुलं येणार, डोळ्यांना पाण्यात बघायचे चष्मे लावून, आणि त्यातलं एखादं बुडी मारून इकडे येणार आणि वर येऊन खणखणीत आवाजात आईला सांगणार – त्या आजीचे पाय खाली जमिनीवर आहेत!

म्हणजे आराखडा मंजूर झाला तर हे. नामंजूर झाला तर तो तिच्या एका धडधडीत खोट्यामुळे, आणि ते खोटं शिक्का मारून कचेरीत कायमचं लावून ठेवलेलं. इर्मेलीने पेन उचललं, ‘रोज’च्या पुढे टेकवलं, तिथे शाईचा एक ठिपका उमटला, आणि तिने पेन ठेवून दिलं.

कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक रकाना होता: काठावरची खासगी बांधकामं, लांबीसह. हे बरं झालं. लांबी मोजणं सोपं. ती बाहेर आली. ताइस्तो पालथ्या होडीला डांबर लावत होता, नाकाच्या शेंड्यावरही थोडं लावून घेतलं होतं.

“कठडा किती लांब आहे रे?”

“कुठल्या वर्षीचा?”

“म्हणजे? यंदाचा.”

“सहा नळ्या.” त्याने ब्रश डब्यात बुडवला. “शेडमध्ये लिहिलंय बघ, काठीच्या मागे.”

बर्फ लोखंड वाकवतं म्हणून दर शरदात तो कठडा काढून ठेवतो आणि दर मे महिन्यात, पाण्याला अजून दात असतात तेव्हा, छातीपर्यंतची रबरी विजार चढवून पुन्हा बसवतो. लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतात पहिल्यांदा बसवला होता. कारखान्यात नळ्या उरल्या होत्या, एवढंच म्हणाला होता. इतरांच्या धक्क्यांना चार दांड्यांची शिडी असते नि खाली खोल पाणी; त्यांच्याकडे कठडा. ताइस्तोला असल्या कामांची हौस, म्हणून तिने कधी काही विचारलं नव्हतं.

शेडमध्ये लाकडाचा नि मासे धरायच्या जाळ्यांचा वास होता. काठी नेहमीच्या जागी, दाराच्या मागे. ती तिने हजारदा झाडताना इकडची तिकडे केली असेल. जाळं लावताना खोली बघायची असेल, असं तिचं आपलं अनुमान. काठी बाजूला केल्यावर फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, वरपासून खालपर्यंत, सालं आणि त्यापुढे आकडे. सहा. सहा. पाच. सात. पाच, पुढे ‘पाणी चढलं’. सात, ‘कोरडं साल’. आठ – हे ते कडक उन्हाळ्याचं साल, तळं मागे हटलं होतं. सहा. सहा...

पाणी चढलं की नळ्या कमी. उतरलं की जास्त. म्हणजे कठडा कुठेतरी एका ठरलेल्या खोलीला संपत होता, दर वर्षी. काठीवर चाकूने पाडलेली एक जुनी, काळी पडलेली खाच होती. खूप उंच नाही; ताइस्तोच्या छातीला लागेल इतपत. इर्मेलीने काठी जमिनीवर उभी केली, स्वतःशेजारी, का कोण जाणे, आणि खाच तिच्या हनुवटीला लागली.

तिने काठी उचलून पुन्हा लावून पाहिली. तिथेच.

पहिल्यांदा लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत, नऊ वर्षांच्या मुलीला वाटावी तशी. तो कधीपासून... दुसऱ्या वसंतापासून. म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात त्याला कळलं. व्हरांड्यात तो रोज सहाला पेपर घेऊन बसतो, तळ्याकडे तोंड करून. चव्वेचाळीस वर्षं तिला वाटत होतं की पेपरसाठी. आणि ते वाकून केस भिजवणं – तेही बघितलं असणार त्याने, रोजच्या रोज. बघून काय म्हणाला असेल मनात? काही म्हणाला नसेल. मे महिना आला की काठी घेऊन बर्फाच्या पाण्यात चालत गेला असेल, पाणी खाचेला लागेपर्यंत, आणि तिथे शेवटची नळी ठोकली असेल. मग लाज कुठे गेली ते तिला कळलं नाही. तिच्या जागी फार साधा, पोटभर जेवल्यासारखा आनंद झाला, आणि डोळेही भरून आले, आणि तिने ते जाळ्याला पुसले.

त्या खोलीत मी एकटी राहत नव्हते तर.

घरात येऊन तिने पेन उचललं आणि शाईच्या ठिपक्यापासून पुढे लिहिलं. ‘मी गेली चव्वेचाळीस वर्षं इथे रोज पाण्यात उभी राहते.’ वाचून पाहिलं. ओर्वोक्की हे वाचेल तेव्हा... वाचू दे. हे वाक्य हरकत होती की नुसती आठवण, हे तिचं तिलाच सांगता येईना. त्या जागेला तिचा विरोध आहे की नाही, हेही. आराखड्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं – पोहण्याचे वर्ग, सर्व वयांसाठी. महिनाभर ती ओळ तिच्या नजरेला पडली नव्हती असं नाही; तिने ती पडू दिली नव्हती.

अडीच वाजले. सायकलने कचेरी दहा मिनिटं. तिने पाव कापला, लोणी लावलं, दोन कप कॉफी घेऊन ती व्हरांड्यात आली. ताइस्तो हात पुसत येऊन बसला.

“दिलास का कागद?”

“अजून नाही.”

“हं.” श्वास आत.

तळ्यावर ऊन चकचकत होतं. कठडा धक्क्यापासून निघून पाण्यात जात होता आणि एका ठिकाणी दिसेनासा होत होता.

“ताइस्तो,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी एक नळी कमी लाव.”

त्याने कप तोंडापाशी धरला होता, तो तसाच राहिला.

“पाणी चढणार आहे का?”

“नाही,” इर्मेली म्हणाली. “पाणी तेवढंच राहील. तेवढं अंतर मी कठडा सोडून जाईन.”