एका ताऱ्याचा पंखा

मी पंखा बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, त्याला इलाज नाही. हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही.

सान्तियागो दे कुबा शहरात तिवोली नावाची चढावरची वस्ती आहे. तिथं गल्ली पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. शेवटच्या वळणावर ओनेलियाबाईंचं घर आहे आणि त्या घरात परदेशी पाहुण्यांना भाड्यानं द्यायची एक खोली. त्या खोलीत मी पंचवीस वर्षं नोकरी केली. एवढ्या सेवेनंतर मला मिळालेलं प्रशस्तिपत्रक म्हणजे एक तारा. पाचांपैकी एक.

तो नॉर्वेच्या एका तरुणानं दिला, इंटरनेटवर, साऱ्या जगाला वाचता येईल असा. त्यानं लिहिलं, "पंखा चालू होत नाही. झालाच तर हेलिकॉप्टरसारखा ओरडतो. त्याला जाळी नाही. आणि तो टेबलावरून हळूहळू माझ्याकडे सरकत येतो. बाकी घर मात्र एकदम अस्सल."

या आरोपांना मी जाहीर उत्तर देणार आहे. आधीच सांगून टाकतो की चारही आरोप खरे आहेत. पण खरं लिहिणं वेगळं आणि पूर्ण लिहिणं वेगळं. त्या पोरानं चार ओळींत माझी कुंडली मांडली आणि विमानात बसून गेला. मागे काय झालं ते त्याला कोण सांगणार?

आणि त्या 'अस्सल' शब्दाबद्दलही एकदा बोलायचंच आहे. यांच्या घरी भिंतीचा पोपडा निघाला की रंगारी बोलावतात. आमच्या पोपड्यांसमोर मात्र उभे राहून फोटो काढतात. चुना मिळत नाही म्हणून भिंत तशी आहे, हौस म्हणून नाही! असो. माझा पारा लवकर चढतो. मोटर जुनी आहे.

मुळात माझा जन्म वारा घालण्यासाठी झालेलाच नाही. मी एका रशियन वॉशिंग मशीनमधली मोटर. ओले कपडे गरागरा फिरवून पिळायचे, हे माझं काम. त्या कामात मी बरा होतो, असं मशीनमधले कपडे तरी म्हणत असावेत. मग तिकडे रशियाचं राज्य कोसळलं आणि इकडे सुटे भाग यायचे थांबले. मशीनचा पत्रा गंजून खाली आला. आत मी तेवढा जिवंत.

ओनेलियाचा नवरा एवेलिओ रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. त्यानं मला बाहेर काढलं. उन्हाळा असा होता की भिंतींनाही घाम फुटावा. त्याची आई फेला दिवसभर पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. "आई, तुला पंखा करून देतो," तो म्हणाला. पात्यांसाठी पत्रा मिळेना, तेव्हा त्यानं घरातली एक ग्रामोफोनची तबकडी घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना साखर कामगारांच्या कुठल्याशा मेळाव्यातलं भाषण होतं. ती त्यानं गरम पाण्यात मऊ केली, कापली, पीळ दिला आणि माझ्या दांड्यावर बसवली. त्या भाषणातून तोवर कोणाला गारवा मिळालेला नव्हता, तो माझ्यामुळे मिळू लागला. मूळ स्वभाव मात्र गेला नाही. वारा कमी, आवाज जास्त.

बैठक म्हणून एका मोडक्या टेलिफोनची पेटी लावली. ती हलकी, म्हणून मी थरथरत पुढे सरकतो. पेटीला आकड्यांची चकती अजून आहे. एका इटालियन पाहुणीनं माझ्यावरून घरी फोन लावायचा बराच प्रयत्न केला होता. मी घरघरत होतो, तिला वाटलं लाइन लागतेय.

पुढे ओनेलियानं खोली भाड्यानं द्यायला काढली. फेलानं स्वतःच मला तिथं नेऊन ठेवलं. "पाहुण्याला उकडायला नको, मला काय, पुठ्ठा आहे," म्हणाली.

मग माझा सुरुवातीचा झटका देणारा भाग जळाला. तेव्हापासून बटण दाबलं की मी नुसता गुणगुणतो. पात्याला लाकडी डावानं एक ढकल द्यावी लागते, मग धावतो. ढकल उजवीकडे द्यायची. डावीकडे दिली तर मी उलटा फिरतो आणि समोरच्याच्या तोंडावरची हवा ओढून घेतो. भिंतीवर तशी चिठ्ठी होती, पण स्पॅनिशमध्ये. नॉर्वेच्या त्या पोरानं डावीकडे ढकललं आणि दोन तास माझ्यासमोर बसून राहिला. इतक्या चिकाटीनं उकडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या थरथरीची कीर्ती मोठी आहे. आमच्या शहरात जमीन अधूनमधून हलते. इतर घरांतले लोक हादरा बसला की बाहेर पळतात. आमच्या घरात फेला आधी ओरडते, "तो पंखा बंद करा!" मला बंद करूनही घर हलत राहिलं, तरच सगळे पायऱ्यांकडे धावतात. एकदा भांडी खाली पडेपर्यंत दोष माझ्यावरच होता.

एवेलिओ सहा वर्षांपूर्वी गेला. घरात उरल्या सासू-सून आणि ती खोली. दोघींचं पोट त्या खोलीवर. पाहुणे पाठवायची हवानातली एक संस्था. तिच्या यादीत नाव असेल तरच कोणी इतक्या पायऱ्या चढून येणार.

एका ताऱ्यानंतर आठवड्यानं संस्थेचा फोन आला. माणूस पाहणीला येतोय. त्याला खोली पसंत पडली नाही तर नाव यादीतून कट.

ओनेलियानं फोन ठेवला. मग म्हणाली, "आई, नाव गेलं तर घराला कुलूप लावून ओल्गिनला बहिणीकडे जावं लागेल."

"तू जा," फेला म्हणाली. तिचं वय सत्त्याऐंशी. "मी या घरातून आडवीच जाणार."

शेजारच्या मार्लेनिसकडे नवा चिनी पंखा होता. पांढरा, जाळीचा, रिमोटवाला. ओनेलियानं तो दोन दिवसांसाठी मागून आणला. मार्लेनिस बजावत होती, "नेतेस तर ने, पण वीज येताच लगेच लावू नकोस हं. पहिला झटका जोराचा असतो. दहा मिनिटं थांब. नाजूक आहे तो, तुमच्या त्या बैलासारखा नाही."

बैल म्हणजे मी. मला उचलून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पंचवीस वर्षांची नोकरी आणि निरोपाला कोळ्यांची जाळी. माझ्या नशिबात जाळी आली ती अशी.

मग दुसरी तयारी सुरू झाली, शब्दाची. पाहणीला येणारा लिसार्दो नावाचा गृहस्थ हवानाचा. आमच्या परसात पपईचं झाड आहे आणि जेवणानंतर पपई द्यायचीच, हा फेलाचा नेम. आता आमच्याकडे पपईला पपई म्हणतात. हवानात मात्र तो शब्द फळाचा राहिलेला नाही. तिकडे तो बाईच्या अंगाचा शब्द आहे, चारचौघांत उच्चारायचा नाही. म्हणून त्या लोकांनी फळाला एक सोवळं नाव दिलंय, बॉम्बफळ.

"आई, त्यांच्यासमोर बॉम्बफळच म्हणायचं."

"बॉम्ब म्हणायचं? आणि हे म्हणे सभ्य!"

"एक दिवस हो, आई."

"मन त्यांचं घाण आणि नाव माझ्या झाडाचं बदलायचं? झाडाला विचार, तेसुद्धा पपईच म्हणेल."

पण घराचा प्रश्न होता. दोन दिवस फेला स्वयंपाकघरात पुटपुटत होती, बॉम्बफळ, बॉम्बफळ. मी कपाटामागून ऐकत होतो.

लिसार्दो भर दुपारी आला. पन्नाशीचा, हातात फाइल, पायऱ्यांनी धापा टाकत. त्यानं खोली पाहिली, चादरी पाहिल्या, नळ सोडून पाहिला. उसन्या पंख्यासमोर उभा राहून शर्टाची दोन बटणं सोडली आणि म्हणाला, "छान आहे. तक्रार तर वेगळीच होती."

"लोक काहीही लिहितात हो," ओनेलिया म्हणाली.

खोलीतल्या टेबलावर जेवण वाढलं. काळ्या घेवड्याचा भात, डुकराचं मटण, तळलेली केळी. दोन घास झाले आणि वीज गेली. पांढरा पंखा गप्प. लिसार्दोच्या कपाळावरून घाम भातात पडायला लागला. ओनेलिया पुठ्ठ्यानं वारा घालत होती आणि तोंडानं चादरींचं कौतुक सांगत होती.

पाऊण तासानं गल्लीतून एकदम आरोळी उठली, "आलीऽऽ!" आमच्याकडे वीज येते ती अशी, आधी लोकांच्या तोंडून आणि मग तारेतून. ओनेलियाला दहा मिनिटांचं भान राहिलं नाही. तिनं धावत जाऊन रिमोटचं बटण दाबलं.

फट्!

बारीक धूर, जळक्या प्लास्टिकचा वास. पांढऱ्या पंख्यानं मान टाकली. ओनेलिया रिमोट धरून तशीच उभी.

तेव्हा फेला फळांची बशी घेऊन आत आली. सून रडकुंडीला आलेली, पाहुणा घामाघूम. म्हातारीचं मन कळवळलं. बशी त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "जाऊ दे रे राजा तो मेला उसना पंखा! तू आधी माझी पपई खा!"

"आई!" ओनेलिया किंचाळली. "शब्द!"

"अगं बाई! बॉम्ब... बॉम्बफळ! बॉम्बफळ खा माझं!"

लिसार्दोचा चेहरा आधी लाल झाला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग त्यानं रुमाल तोंडावर धरला, पण हसू रुमालात मावेना. "आजी," तो डोळे पुसत म्हणाला, "हवानात मला असं आमंत्रण कोणी दिलं नाही हो!"

"माफ करा, तिचं वय झालंय, आमच्याकडे तसं काही मानत नाहीत," ओनेलिया एका दमात बोलत सुटली. पपई, हवाना, सान्तियागो, सगळं समजावून झालं.

लिसार्दोनं एक फोड तोंडात टाकली. "पपईचं राहू द्या," तो म्हणाला. "उसना म्हणजे?"

दोन दिवस दोघींनी एका शब्दावर पहारा ठेवला आणि दुसराच शब्द दारातून निघून गेला. ओनेलिया खुर्चीत बसली. मग उठली, मला कपाटामागून ओढून काढलं आणि टेबलावर आदळलं. "हा आमचा. माझ्या नवऱ्यानं केलेला. तक्रार याचीच आहे आणि ती खरी आहे."

खरं सांगतो, मला अभिमानच वाटला. पात्यांवर धूळ होती, पण छाती फुगली होती.

लिसार्दोनं फाइल बाजूला ठेवली. त्यानं चिठ्ठी वाचली नाही, डाव मागितला नाही. खिशातलं पेन काढलं, बटण दाबलं आणि पेनानं पात्याला बरोबर उजवीकडे ढकललं. मी सुटलो! पहिल्याच ढकलीला! कागद उडाले, त्याचे केस उडाले. तो डोळे मिटून माझ्यासमोर बसला. मला वाटलं, जिंकलो. नॉर्वेच्या पोरा, बघ!

"आमच्याकडे अगदी असाच होता," तो म्हणाला. "वडिलांनी केलेला. याचा आवाज झाला की मला अजून लहानपण आठवतं."

"आहेच तसा गुणी," फेला म्हणाली.

"माझ्या धाकट्या भावाच्या बोटाचं पेर त्यानं नेलं, आजी. चार वर्षांचा होता तो." त्यानं हात लांबवून मला बंद केलं.

खोलीत माझ्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि तीसुद्धा कमी होत चालली होती.

"मग उसना कशाला आणलात?" त्यानं ओनेलियाला विचारलं. "सरळ सांगायचं होतं."

आता ओनेलियाही पेटली. "सरळ सांगितलं असतं तर जेवायला तरी बसला असतात? खऱ्याला एक तारा मिळाला होता हो आधीच! उरलेले चार मी कुठून आणणार होते?"

लिसार्दोनं फळांची बशी पुढे ओढली. त्यानं सगळी पपई संपवली. मग लिहायला घेतलं आणि कागद ओनेलियाच्या हातात दिला. तिनं मोठ्यानं वाचला, "घर स्वच्छ. जेवण उत्तम. मालकीण प्रामाणिक, पण उशिरा. पंखा धोकादायक. पाहुण्यांच्या खोलीतून आजच काढावा आणि महिन्याभरात जाळीचा बसवावा. नाव यादीत ठेवावं."

शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. मग फेलाच्या गळ्यात पडून रडली. माझ्याबद्दलचं वाक्य कोणी दोनदा वाचलं नाही.

ओल्गिनच्या बहिणीनं आपला पंखा पाठवून दिला, बहीण आली नाही आणि इथलंही कोणी तिकडे गेलं नाही. मार्लेनिसचा पंखा नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं चौथ्या दिवशी उठवला. ती अजूनही जाता-येता "बैल कसा आहे?" म्हणून विचारते.

बैल बरा आहे. मी आता स्वयंपाकघरात असतो, उंच फळीवर, मागे दोरीनं बांधलेला, म्हणजे सरकायचीही सोय नाही. सकाळी फेला माझ्यासमोर उभी राहून तांदूळ उफणते. कोंडा परसात जातो आणि तांदूळ सुपात राहतात. एवढं मला नीट जमतं. खोलीत सध्या अर्जेंटिनाचं एक जोडपं आहे. तिथल्या पंख्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येत नाही. कामचुकार असावा, असं मला वाटतं. तसं नाही, हेही मला कळतं.

तुम्ही कधी त्या पायऱ्या चढून आलात तर खोलीत निर्धास्त झोपा. तुमच्या बोटांना आता धोका नाही. मी बोलावलं नाही तर स्वयंपाकघरात येऊ नका, आणि मी तर बोलावणारच नाही. तांदूळ झाले की फेला बटण बंद करते आणि स्टुलावर बसून माझी पाती थांबायची वाट बघते. मला थांबायला वेळ लागतो. तिला घाई नसते. पाती पूर्ण थांबली की ती एप्रनच्या टोकानं एकेक पुसते आणि म्हणते, "झालं रे राजा, आता बस जरा."