आठाखालचा सात

मित्रांनो, मी एक जुना अर्धा डॉलर आहे, चांदीचा. माझ्यावर साल आहे १८०८. पण शेवटचा आठ भिंगातून नीट पाहिला, तर त्याच्या पोटात एक सात दिसतो. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आदल्या वर्षीचा पोलादी ठसा शिल्लक होता. नवा घडवायला वेळ लागे. म्हणून कारागिराने त्या ठशातल्या सातावरच आठ ठोकला आणि त्यातून आम्हाला पाडले.

माझी उमेदीची वर्षे थैल्यांत गेली, या बँकेतून त्या बँकेत. बाजार मी फारसा पाहिलाच नाही, म्हणून झिजलोही कमी. फार पुढे ॲलनटाउनच्या क्लेटन राउख नावाच्या सुताराने मला घरी आणले. माझ्यातला सात पहिल्यांदा त्यालाच दिसला. तो वारला आणि मी दोन वर्षे त्याच्या इतर नाण्यांबरोबर बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो.

मग एका शनिवारी त्याची बायको एल्मिरा हिने तो डबा विकायला काढला. इनॉस ट्रेक्सलर नावाचा पोस्टमन आला. माझ्यासारखे नाणे तो नऊ वर्षे शोधत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने मला भिंगाखाली धरले. सात दिसताच त्याची बोटे माझ्या कडेभोवती आवळली.

"काही विशेष आहे का त्यात?" एल्मिराने विचारले.

"नाही. साधंच आहे," तो म्हणाला.

साध्या नाण्याचे पैसे ठेवून तो मला घेऊन गेला. माझे मोल त्याच्या चौपट होते.

पण घरी आणल्यावर तो मला कुणाला दाखवीना. नाणी जमवणारे मित्र विचारत, "काय रे, नवीन काही?" तो म्हणे, "कुठलं काय!" एल्मिराचे घर त्याच्याच टपालाच्या वाटेवर होते. ती दारातच त्याच्या हातावर काकवीच्या केकचा तुकडा ठेवी. तो 'आभारी आहे' म्हणे आणि तुकडा न खाता पिशवीत टाकी.

सहा आठवड्यांनी त्याने मला तिच्या टेबलावर आणून ठेवले.

"मी खोटं बोललो, मिसेस राउख. आठाखाली सात आहे. तुम्ही हे परत घ्या, नाहीतर उरलेले पैसे तरी घ्या."

ती रागावली नाही. "डबा बघायला चौघं आले होते. कुणी काय नेलं, देव जाणे. परत कुणी आलं नाही." मग म्हणाली, "दाखवा बघू तो सात."

इनॉसने भिंग तिच्या हातात दिले. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"क्लेटन रोज हाक मारायचा. 'एल्मिरा, सात बघ, सात.' मला वाटायचं, किती वाजले ते सांगतोय. 'कळलं' म्हणायचे आणि भांडी घासत राहायचे."

तिने खुर्ची खिडकीशी ओढली आणि पुन्हा पाहिले.

तिने मला विकले नाही. त्याचे पैसे तिने परत केले आणि त्याने ते मुकाट्याने घेतले. त्याच्या संग्रहात माझी जागा अजून रिकामी आहे. केक मात्र तो आता दारातच खातो.

मित्रांनो, आम्हा नाण्यांना घासू नका, कडेने धरा. एवढी काळजी आम्हाला पुरते. पण घरातले कुणी काही दाखवायला हाक मारत असेल, तर हातातले भांडे खाली ठेवा आणि जाऊन पाहा.