छातीतल्या ठोक्यावर मी वाजलो होतो

मी एक जुना ढोल आहे. माझं अंग म्हणजे डिझेलचं कापलेलं पिंप, आणि दोन्ही तोंडांवर एकाच गाईचं कातडं ताणलेलं. तिच्या डाव्या बरगड्यांवरचा भाग माझ्या उजव्या तोंडावर आला. त्या कातड्याला अजून काळजाचे ठोके ओळखू येतात असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा, मित्रांनो, पण गोष्ट पुरी ऐका.

उम्झिम्वुबू नदीच्या वरच्या टेकडीवर आमचं घर आहे. इथले झोसा लोक मानतात की पूर्वज ज्याला बोलावतात, त्याच्या छातीत धडधड सुरू होते. मग मला उन्हात तापवतात, बायका टाळ्या धरतात आणि हाक आलेला माणूस माझ्या तालावर नाचतो. पुढे तो गुरूच्या घरी राहतो, शिकतो आणि भगत होतो.

मला मढवलं त्याच वर्षी नोझुको नावाच्या मुलीची छाती अशी धावू लागली. तिचे पाय सुजायचे, चढावर ती तीनदा थांबायची. सगळ्यांनी ठरवलं की हाक आली. मी तीन दिवस वाजलो, ती तीन दिवस नाचली. तिसऱ्या दुपारी ती माझ्या शेजारी पडली आणि तिची छाती माझ्या उजव्या तोंडाला टेकली. ठोका, ठोका, मग एक पोकळी. त्या पोकळीनंतर काहीच आलं नाही. लोक म्हणाले, पूर्वजांना घाई होती.

तिची धाकटी बहीण नोबांतू भगतीण झाली. तिच्या हाताखाली मी चाळीस वर्षं काम केलं. माझा आवाज दोन टेकड्या ओलांडतो, असं लोक कौतुकानं सांगत.

नोबांतूची नात खान्यिस्वा शाळेच्या शेवटच्या वर्गात गेली. तिला मला टेकून अभ्यास करायची सवय होती. शेजारी कडक काळ्या चहाचं भांडं असे आणि ते संध्याकाळपर्यंत दोनदा भरलं जाई. ऑक्टोबरच्या एका दुपारी माझं उजवं कातडं आपोआप थरथरलं. ठक, ठक, मग एक ठोका वेळेआधीच, आणि मग पोकळी. तीच पोकळी. मी वाट पाहिली. धड्! एक मोठा ठोका आला आणि चाल पुन्हा सुरू झाली.

खान्यिस्वा ताठ बसली. "माखुलू, ढोल कुणी वाजवला?"

माखुलू म्हणजे आजी. नोबांतू दारात शेंगा सोलत होती. "ढोलाला काठी लागते, बाई. काठी तर खुंटीला आहे."

तिनं उठून नातीच्या छातीवर हात ठेवला. तो हात तिनं बराच वेळ काढला नाही.

आठवडाभर ते होत राहिलं. शेजारणी येऊन सांगून गेल्या की ही हाकच आहे. हाक मानली तर तीन आठवड्यांवर आलेली परीक्षा गेली, कदाचित शाळाही. आणि हे नोझुकोचंच काळीज असेल तर? खान्यिस्वानं हे विचारलं नाही. पण ती मला टेकायची बंद झाली.

शनिवारी मला अंगणात आणलं. टाळ्या सुरू झाल्या. मुलीनं दोन पावलं टाकली. नोबांतूची काठी वर गेली आणि वरच राहिली. नोझुकोला जे कुणी विचारलं नव्हतं, ते तिनं नातीला विचारलं.

"स्वप्नात कोण येतं गं तुझ्या?"

"कुणी नाही, माखुलू. गणितं येतात. तीपण न सुटलेली."

कुणीतरी खुदकन हसलं. पण आमच्याकडे स्वप्नाशिवाय हाक नसते. आधी स्वप्नात म्हातारे येतात, नदी येते, मग छाती धडधडते. नोबांतूनं काठी खाली ठेवली. एक शेजारीण म्हणाली, "आता पूर्वजांना परीक्षेचं वेळापत्रक पाठवायचं का?"

"ते इतकी वर्षं थांबलेत," नोबांतू म्हणाली. "अजून आठवडाभर थांबतील."

त्याच आठवड्यात आजी आणि नात मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या. तिथं पडद्यावर हृदय पाहिलं, ठोक्यांचा आलेख काढला. त्या कागदांचा अर्थ सांगायला गावच्या दवाखान्यातली नर्स बुलेल्वा एका सकाळी घरी आली. धुकं होतं, माझं कातडं ओलसर होतं.

"तुझ्या गळ्यातल्या तपासायच्या नळीला पूर्वज ऐकू येतात का गं?" नोबांतूनं विचारलं.

"नाही, माखुलू. म्हणून तर ते काम तुमच्याकडे ठेवलंय."

मग बुलेल्वानं माझ्या सैल कातड्यावर बोट दाबलं. हृदयात एक झडप असते, ती बंद होताना खान्यिस्वाची अशी थोडी मागे फुगते, असं ती म्हणाली. झडप सैल आहे, फाटलेली नाही. मधूनच एखादा ठोका लवकर पडतो. त्यानंतर हृदय जरा थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणका देतो. कडक चहा, अपुरी झोप, कमी पाणी आणि भीती यांनी ते वाढतं.

म्हणजे त्या पोकळीत कुणी उभं नव्हतं. तिथं रक्त भरत होतं.

"मग नोझुको आजी?" खान्यिस्वानं शेवटी विचारलं.

"त्यांची झडप कुणी पाहिलीच नाही," बुलेल्वा म्हणाली. "पाय सुजणं, चढावर दम लागणं, हे तुझ्यात नाही. तसं झालं, चक्कर येऊन पडलीस, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेचना, तर त्याच दिवशी यायचं. एरवी वर्षातून एकदा दाखवायचं."

खान्यिस्वानं परीक्षा दिली. आता ती शहरात गणित शिकवते. नोबांतू गेली. मी कोपऱ्यात आहे, उंदरांनी माझी एक वादी कुरतडली आहे. डिसेंबरात खान्यिस्वा घरी येते, मला उन्हात ठेवते आणि टेकून बसते. ठोका चुकला की घाबरत नाही, पाणी पिते.

पण एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, माझं उजवं कातडं थरथरतं. ती चाल खान्यिस्वाची नसते. ठोका, ठोका, पोकळी, आणि पुढे काही नाही. ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. छातीत ढोल वाजला तर त्यावर नाचू नका, आणि घाबरून गप्पही राहू नका. विचारा, दाखवा. दुसऱ्याच्या छातीत वाजला तर आधी तुमचे हात थांबवा. ढोलाला स्वतःहून थांबता येत नाही. त्या तिसऱ्या दुपारी, नोझुको पडल्यावरही, मी वाजतच होतो.