अंगठ्याएवढं लोखंड

सणसवाडीत धम्मदीपच्या खोलीवर दर रविवारी युद्ध होते. जोडलेल्या दोन टेबलांवर थर्माकोलच्या टेकड्या, काडेपेट्यांची गावे, आणि त्यांच्यामधून फाशांच्या हुकमाने सरकणारे अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे शिपाई. शिपाई ज्याचे त्याने रंगवायचे. सेनापती मात्र परीक्षेला उतरलेलाच हवा, हा धम्मदीपचा नियम, आणि परीक्षाही त्याचीच: मूर्ती टेबलाच्या कडेला ठेवायची आणि खेळात नसलेल्या माणसाला विचारायचे, हे कशाचे आहे? लोखंडाचे वाटले तरच पास.

खेळात नसलेले माणूस म्हणजे दुपारचा डबा आणणाऱ्या साळूबाई मावशी. त्यांनी माझ्या चिलखतधारी स्वाराकडे पाहिले आणि डबा खाली ठेवायच्या आत निकाल दिला.

"गेटला मारत्यात त्यो रंग हाय."

धम्मदीप हसता हसता खुर्चीवरून घसरला. माझ्या सरदाराला कंपाउंडला टांगायचा सल्ला त्याने दिला, आणि त्या दिवशी माझे सैन्य त्याच्याकडून उसन्या घेतलेल्या सेनापतीमागे लढले. पुढच्या रविवारी दिवाळीपर्यंत चालणारी मोहीम सुरू व्हायची होती. पहिल्या दिवशी जो उभा राहील तोच शेवटपर्यंत नेतृत्व करणार. माझा स्वार उभा राहणार की डब्यातच पडून राहणार, एवढाच प्रश्न होता. पण शिरूरच्या एसटीत खिडकीला डोके टेकून बसले असताना त्या प्रश्नाखेरीज जगात दुसरे काही उरले नव्हते.

निरोप घेताना धम्मदीपने, हसणे आवरल्यावर, मनापासून सांगितले होते. मी पांढऱ्या प्लॅस्टिकवर बाटलीतला चंदेरी रंग जसाच्या तसा थापला होता. म्हणून तो साय धरल्यासारखा दिसत होता. आधी काळा थर द्यावा. चंदेरी रंगातली धातूची भुकटी तळाशी बसते, ती नीट ढवळावी, पाणी घालून पातळ थर द्यावेत. शेवटी अगदी पातळ काळा रंग वरून सोडावा, तो आपोआप खोबणींत उतरतो.

मी सारे तसेच केले. काळ्यावर चंदेरी रंग धुक्यासारखा पसरला, आणि वरून सोडलेला काळा चिलखताच्या सांध्यांतून ओढ्यासारखा वाहत गेला. इथवर सारे ठीक होते. पण तो वाळला, खोबणीत काळे दिसले, आणि माझा हात आपसूक कापसाच्या बोळ्याकडे गेला. आमच्या घरात समईच्या नक्षीत काळे राहिले तर तो घासणारीचा आळस. लहानपणापासून बोटांना हेच शिकवले गेले आहे. मेंदूला विचारायला ती थांबत नाहीत. मी पुसले, आणि स्वार पुन्हा गेटच्या रंगाचा झाला. पुन्हा रंगवले, पुन्हा पुसले. चुकते कुठे ते मला दिसतच नव्हते, कारण स्वच्छता ही चूक असू शकते हे मला ठाऊकच नव्हते.

घट बसण्याच्या आदल्या दुपारी आईने देव्हाऱ्यातले चांदीचे टाक घासायला माझ्यापुढे ठेवले. रांगोळीची पूड, ओले फडके. खंडोबाचा टाक हाती घेतला: बोटभर पत्र्यावर उठवलेला घोडा, वर देव, हातात खड्ग. घोड्याच्या आयाळीत काळे साचले होते. मी टाचणी घेतली.

"टोकरू नको," आई म्हणाली. "ती काय समई हाय का? तेवढं काळं राहू दे, न्हाईतर देवाचं तोंड दिसायचं न्हाई."

टाचणी हवेतच थांबली. मी टाक खिडकीच्या उजेडात धरला. देवाचा डोळा हा काळ्याचा एक कण होता. आयाळ होती ती केसांमधल्या काळोखामुळे. आणि जिथे पिढ्यान् पिढ्या बोटे फिरली, तिथे, म्हणजे नाक, गुडघा, खड्गाची धार, एवढ्याच ठिकाणी चांदी लख्ख पेटली होती. सगळीकडे सारखा उजेड असता तर तिथे केवळ पत्रा उरला असता.

मला एकाएकी काय झाले ते आईला कळेना. उरलेले टाक मी कसे घासले तेही आठवत नाही. तिने दोन परत माझ्याकडे सरकवले आणि लक्ष कुठं हाय तुझं, असे विचारले, एवढे मात्र आठवते.

संध्याकाळच्या आत स्वार पुन्हा टेबलावर आला. काळा, त्यावर विरळ चंदेरी, त्यावर वाहता काळा. तो वाळेपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मग सर्वांत बारीक ब्रश घेतला, टोकावर नावापुरता उजळ चंदेरी, आणि स्वतःला विचारत गेले: याचे चिलखत कुठे घासले गेले असेल? खोगिराला लागणारा गुडघा. शिरस्त्राणाचा माथा. म्यानातून सतत बाहेर येणारी तलवारीची धार. प्रत्येक रेघेबरोबर त्या प्लॅस्टिकला भूतकाळ मिळत होता, आणि माझे हृदय इतके धडधडत होते की ब्रश टेकवण्यासाठी दोन ठोक्यांमधली फट गाठावी लागत होती.

रविवारी धम्मदीपने स्वार टेबलाच्या कडेला ठेवला. मला चिडवायची संधी त्याने सोडावी, हेच मुळात भीतीदायक होते. जिन्यात चपला वाजल्या. साळूबाई मावशींनी डबा ठेवला, पदराने कपाळ टिपले आणि स्वाराकडे वाकून पाहिले. धम्मदीपने नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी सरळ हात पुढे केला, बोटे घट्ट आवळून स्वार उचलला, आणि त्यांचा हात एकदम खांद्यापर्यंत उडाला. जड वस्तूसाठी लावलेला जोर रिकामाच वर गेला होता.

"आगं बया," त्या म्हणाल्या, आणि स्वार तळहातावर खालीवर करून पाहू लागल्या. "याला वजनच न्हाई व्हय?"

धम्मदीपने मला उसना दिलेला आपला सेनापती डब्यात ठेवला आणि फासे माझ्याकडे सरकवले.