कडेवर वाजवणारा

“थांबा भाऊजी, आत्ता येईल,” चष्मेवाला म्हणाला आणि त्याने बोट वर केलं. “हं. ऐकलंत? टक, टक-टक. ड्रमच्या कडेवर वाजवतोय. हा दुसराच.”

“पहिला असता तर घण घातल्यासारखा बडवत सुटला असता,” सिस्टर म्हणाली. ती थेट हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून आली होती.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही बसलो होतो. भिंतीला रिकाम्या फ्रेमा टांगलेल्या, मधे टेबलावर कॅसेट प्लेअर. माझी बायको दर रविवारी दुपारी इथे यायची. चष्मेवाला, सिस्टर आणि ती, असे तिघे इंग्लंडमधल्या जुन्या बँडांबद्दल बोलत बसायचे. पोस्ट-पंक म्हणतात त्या गाण्यांना. तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी विचारलं होतं, “पोस्टातली माणसं वाजवतात का?” ती इतकी हसली की ओठांत धरलेल्या टाचण्या सांडल्या. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पंक नावाच्या दणदणाटी गाण्यांची लाट ओसरल्यावर जे आले ते हे, एवढंच मला कळलं. ती घरी काज-बटणं आणि तुरपाईचं काम करायची, आणि हात चालू असताना रेडिओ लावून ठेवायची.

या तिघांना पुढे उभं राहून गाणाऱ्याचं काही नव्हतं. यांचा जीव फोटोत कडेला अर्धवट कापल्या गेलेल्यांत. एक बास गिटारवाला होता, तो दोन गाणी वाजवून निघून गेला आणि घरं रंगवायला लागला. एका कीबोर्डवालीचं नाव कव्हरवर चुकीचं छापलं आणि ते तसंच राहिलं. आणि हा दुसरा ड्रमर. पहिली रेकॉर्ड निघायच्या आधीच त्याला काढलं. त्याचं वाजवणं उरलं असलंच, तर परदेशी रेडिओवर एकदा लागलेल्या एका कार्यक्रमात. तो कार्यक्रम रेडिओवाल्यांनीही जपला नाही. माझ्या बायकोच्या कॅसेटवर तेवढा होता. त्या कार्यक्रमात पहिला वाजवतोय की दुसरा, यावर यांचे कितीतरी रविवार गेले. शेवटी या टकटकीवर निकाल लागला.

तिने शेवटच्या दिवसांत मला सांगितलं होतं, “कॅसेट तेवढी चष्मेवाल्याला द्या हो. तुमच्याकडे राहिली तर पान्ह्यांखाली जाईल.” म्हणून मी आलो होतो. मी ती कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती.

“आता ही कॉम्प्युटरवर चढवून साफ करतो,” चष्मेवाला म्हणाला. “रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलीय ना ताईंनी, त्यामुळे खरखर, रस्त्यावरच्या गाड्या, घरातलं काय काय, सगळं आलंय. ते काढता येतं. बँड तेवढा ठेवायचा.”

“ताईला बरं वाटलं असतं,” सिस्टर म्हणाली. “या टकटकीवर आम्ही दोघं भांडायचो आणि ती आपली खाली मान घालून हसत बसायची.”

टक, टक-टक.

हा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला होता, न्हाणीघरातून ऐकला होता, अर्धवट झोपेत ऐकला होता. तिच्या मधल्या बोटात, सुई टोचू नये म्हणून, पितळेचं अंगुस्तान असायचं. गाणं आवडलं की हातातली सुई थांबायची आणि ते अंगुस्तान टेबलाच्या कडेवर वाजायला लागायचं. टेपरेकॉर्डर त्याच टेबलावर असायचा.

ती हसत का बसायची ते मला कळलं.

अगदी ओठांवर आलं होतं. पण बोललो असतो तर तिचीही गणती घरातल्या आवाजांत झाली असती. खरखर, गाड्या आणि ती. तिचं बोलणं कुठे भरून ठेवावं हे आम्हाला कधी सुचलंच नाही. आणि ज्या दुसऱ्या ड्रमरची जागा तिने एवढी वर्षं गप्प राहून धरून ठेवली, तोही गेला असता.

“आता शेवट ऐका,” चष्मेवाला म्हणाला. “बाकीचे वाजवत राहतात आणि हा हात उचलून घेतो. याला म्हणतात संयम.”

टकटक थांबली. गाण्याच्या मागून दोन ठोके आले, आणि जरा थांबून तिसरा.

“झालं. नेमकं मोक्याला कुणीतरी दार ठोठावतंय. हे काढतो.”

आमच्या दाराला बेल नव्हती. कामावरून आलो की मी असाच ठोकायचो, दोन आणि एक. म्हणजे दुसरं कुणी नाही, मीच. ठोकायच्या आधीच जिन्यातली माझी पावलं तिला कळायची.

“ते राहू द्या,” मी म्हणालो.

“अहो भाऊजी, ते बँडचं नाही.”

“नसू दे. त्याच्यामुळेच तो थांबलाय.”

चष्मेवाला हसला. “ड्रमर इंग्लंडात, दार तुमच्या घरचं. तो कशाला थांबेल?”

सिस्टर हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी टेबलावर ठोकत होतो हे मलाच कळलं नव्हतं. दोन आणि एक.

“राहू दे रे,” ती त्याला म्हणाली. “काहीच काढू नकोस. आहे तसं ठेव.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाला. “पुन्हा लावू?”

“लावा.”

गाणं पुन्हा शेवटाला आलं. टकटक थांबली. ठोके आले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यापुढे दार उघडायला हवं, पण तिथे कॅसेटची ती बाजू संपते.