विकतचा टॉप

"डोकं अडकलंय! काढ, ठोंबे, जीव घेतेस का माझा?"

आवाज कापडाच्या आतून येत होता. मी शिवलेला पहिला टॉप आईच्या नाकापर्यंत उतरला आणि तिथेच अडून बसला. खाली ओढला की ती ओरडायची, वर ओढला की तिचे केस ओढले जायचे. शेवटी मी कात्रीने गळा फाडला, तेव्हा कुठे तिचं लालबुंद तोंड बाहेर आलं.

"म्हणे मास्तरची मुलगी," धापा टाकत ती म्हणाली. "बनियनच्या कापडात आईला गुदमरवणारी!"

मास्तर म्हणजे तीच. बाई असूनही अख्खी गल्ली तिला मास्तर म्हणायची. बायकांचे कपडे शिवावेत तर तिनेच, असा दरारा होता. टेप न लावता नुसत्या नजरेने ती गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप सांगायची. मी तिच्या हाताखाली वाढले आणि हाताखालीच राहिले. काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. कापायला मात्र कधी दिलं नाही. "कापड वाया घालवशील," हे उत्तर ठरलेलं. माझे केस पिकायला लागले तरी त्यात एका शब्दाचा बदल झाला नाही.

मग तिला झटका आला आणि डावा हात लुळा पडला. जीभ शाबूत राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. तिचे ब्लाउज तिनेच शिवलेले, सुती, अंगाला बेतून बसवलेले. त्यांच्या बाहीत तो हात घालताना रोज सकाळी ती कळवळायची आणि मला शिव्या द्यायची. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई एकदा म्हणाली, "अहो, टी-शर्टचं ताणणारं कापड आणा की. सैलसा टॉप शिवा, डोक्यातून घातला की झालं."

असलं कापड आमच्या घरात कुणी शिवलेलं नव्हतं. आई त्याला कापडच मानत नव्हती. मी ते साध्या सुती कापडासारखं कापलं आणि ताणाची बाजू उभी गेली. म्हणून ती फजिती.

दुसऱ्या वेळी मी आधी कापड नुसतं ओढून पाहिलं. एका बाजूने ते भरपूर सुटत होतं, दुसऱ्या बाजूने जेमतेम. सुटणारी बाजू अंगाभोवती आडवी यायला हवी, एवढीच गोष्ट होती. वहिनी मागे राहायला आली तेव्हा तिचा एक टॉप विसरून गेली होती. तो कापडावर पसरून कडेने खडू फिरवला. आईसाठी काख खोल घेतली, बाही ढगळ ठेवली. बोथट टोकाची सुई आणली, कारण टोकदार सुईने या कापडाला भोकं पडतात. शिलाई बारीक नागमोडी घातली, म्हणजे ताणली तरी दोरा तुटणार नाही. गळ्याची पट्टी मुद्दाम गळ्यापेक्षा आखूड कापली आणि ताणत ताणत जोडली, तेव्हा गळा चपखल बसला.

चांगला झाला होता. ते मला कळत होतं, पण मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. जन्मात एकदा, "बरं शिवलंयस," एवढंच.

"आई, नवा शिवलाय. घालून बघतेस?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वळलीसुद्धा नाही. "तुझ्या हातचं अंगाला लावणार नाही. एकदा मरता मरता वाचले, तेवढं पुरे."

मी परत आले आणि बराच वेळ मशीनपाशी रडले. मग वहिनीच्या टॉपचं लेबल उसवलं आणि माझ्या टॉपच्या मानेशी शिवून टाकलं. काही दिवस जाऊ दिले. एका सकाळी दुकानाची पिशवी वाजवत तिच्या खोलीत गेले.

"वहिनीने पाठवलाय. विकतचा."

"बघू," म्हणत ती उठून बसली.

लुळ्या हातावरून बाही अलगद सरकली, डोकं पटकन बाहेर आलं. ओरडायला तिने तोंड उघडलं होतं, पण कळ आलीच नव्हती. मग तिच्या चांगल्या हाताची बोटं खांद्याच्या शिलाईवरून फिरली, गळ्यावरून फिरली, काखेत गेली.

"याला शिवण म्हणतात," ती म्हणाली. "लाव, हात लावून बघ. जन्मभर माझ्याजवळ राहिलीस, पण असा गळा तुला जमला असता का?"

"नसता जमला," मी म्हणाले. मला रडूही येत होतं आणि हसूही. कौतुक दुसरीच्या नावावर का होईना, झालं होतं माझ्याच शिवणीचं. मी वेडी, त्यातच सुखावले.

मग मी तिला आणखी शिवून दिले. कधी निळा, कधी राखाडी, सगळे 'वहिनीने पाठवलेले'. आई येईल त्याला सांगायची, "सून लाखात एक आहे माझी." व्यायामाची बाईसुद्धा मला म्हणाली, "नशीबवान आहात हो, अशी वहिनी मिळायला." पिकतं तिथे विकत नाही, म्हणून मी मान डोलावली.

एका दुपारी दादा आणि वहिनी न कळवता आले. आईने वहिनीचा हात धरला. "तुझ्यामुळे सुखाने कपडे घालते बघ. पोटची पोर घरात असून काही उपयोग नाही."

"माझ्यामुळे?" वहिनी गोंधळली. "आई, मी कुठे काय पाठवलं?" ती वाकली, मानेशी बघितलं आणि हसलीच. "अगं बाई! हे लेबल तर माझ्या जुन्या टॉपचं!"

तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

"मी शिवलेत," मी म्हणाले. "सगळे."

आणि वाट बघत उभी राहिले. तिने स्वतःच्या तोंडाने नावाजलेलं होतं, आता ते फिरवणार कसं?

आईची बोटं पुन्हा खांद्याच्या शिलाईवर गेली. थोडा वेळ तिथेच थांबली.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच म्हटलं, काखेत काचतंय कशाने."

"आई, कालपर्यंत तर..."

"काढ हा."

"अगं, चांगला आहे की," दादा म्हणाला.

"काढ म्हणते ना! लबाडीचं कापड नको माझ्या अंगावर."

दादा बाहेर निघून गेला. मी आधी चांगला हात सोडवला, मग डोकं, मग तो हात. टॉप इतका सहज निघाला की तिला साधं 'स्स' करायलाही कारण मिळालं नाही. हनुवटीपर्यंत चादर ओढून ती वहिनीला म्हणाली, "तू पाठव खराखुरा. दुकानातला."

वहिनीने घरी गेल्यावर लगेच पाठवला. महागातला आहे, धडधाकट बाईसाठी बेतलेला. बाही अरुंद, काख वर चढलेली. पहिल्या दिवशी हात कोपरापाशी अडकला आणि आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही."

"बघ हं."

"नाही म्हटलं ना! विकतचं ते विकतचं."

मग मी बाही वर ओढली.

काखेत बोटभर उसवून एक तुकडा जोडला की तिचं दुखणं संपेल. मला ते आता झोपेतही जमेल, आणि मला ते जमेल हे तिलाही पक्कं ठाऊक आहे. रोज सकाळी बाही कोपराशी आली की ती क्षणभर माझ्या हातांकडे बघते. ती सांगत नाही, आणि मीही उसवत नाही. नंतर तिचं तोंड पुसून मी तिला खिडकीशी बसवते. खांदा वर ओढला गेलेला असतो. शेजारीण कधी थांबून चौकशी करते, तेव्हा ती मान ताठ करून सांगते, "सुनेने पाठवलाय."